बानूच्या वाटणीचा पाला

माझ्या ईश्वरीला तिसरी मुलगी झाली आणि त्याच आठवड्यात मी माझी शेवटची अकरा मेंढरं विकली, ते साल २०५६. माळावर गवत उरलं नव्हतं आणि माझ्या गुडघ्यांत चालणं उरलं नव्हतं. मायाक्का, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "हिचं नाव बाणाई ठेवा. खंडोबाची धनगरीण. घरात मेंढरू न्हाई तर नाव तरी राहू द्या." कागदावर बाणाई आणि घरात बानू.

आमचं गाव माणदेशात, म्हसवडच्या वरल्या अंगाला. जावई अंकुश गावाजवळच्या सोलरच्या शेतावर कामाला, म्हणून लेक, जावई आणि त्यांच्या थोरल्या दोन पोरी आमच्याकडेच राहत. सगळ्यांची चूल एक.

तिसरं लेकरू ही त्या दिवसांत साधी गोष्ट नव्हती. गव्हाचं पीक दाणा भरायच्या दिवसांतच उन्हानं करपायचं. देशात माणसं एकशे सत्तर कोटींच्या घरात. मेंढपाळाला हा हिशेब कुणी शिकवावा लागत नाही. कुरण बघून कळप ठेवायचा. पण कळप वाढला तर नर विकता येतात. तिसऱ्या पोरीचं काय करायचं, हे कुठलं कुरण सांगत नाही.

सरकारनं आधी कायदा केला, की घरातल्या दोनच लेकरांना रेशनचं धान्य. मग थेंब निघाला आणि कायद्याला एक दार सुटलं. तिसऱ्या लेकराला थेंब द्यायचा. तो पोटात रुजला, तर त्या लेकराला निम्मं धान्य आणि निम्मं पालापीठ. नाही रुजला, तर काहीच नाही.

थेंब म्हणजे काय, ते मला निलोफरनं समजावलं. निलोफर मुलाणी ही आमच्या चार गावांची पोषणसेविका. तिचा आजा आणि मी एकाच माळावर हिंडलेलो, त्यामुळे ती माझ्याशी जरा मोकळी बोले.

"आबा, मेंढरू गवत खातं, त्याचं मांस होतं, दूध होतं. तुम्ही गवत खाल्लं तर?"

"पोट फुगंल. दुसरं काय व्हतंय?"

"आता खरी गोष्ट ऐका. मेंढरालासुद्धा गवत पचवता येत नाही."

मी हसलो. "मग पन्नास वर्सं मी काय बघत हुतो गं?"

"तुम्ही रवंथ बघत होता. पोटाच्या आत काय चालतं ते नाही. दाण्यात जी साखर, तीच गवतात. पण गवतातली साखळी अशी काही गुंफलेली असते, की ती तोडायची कात्री ना माणसाकडे, ना मेंढराकडे. कात्री असते मेंढराच्या पोटातल्या जिवाणूंकडे. कोट्यवधी असतात. ते गवत तोडतात, आणि त्यांनी तोडलेल्यावर मेंढरू जगतं. मेंढरू म्हणजे चार पायांवर चालणारा त्यांचा वाडा."

हे मात्र मला पटलं. एखादं मेंढरू रवंथ करायचं थांबलं, की माझा बाप दुसऱ्या निरोगी मेंढराच्या तोंडातला रवंथाचा गोळा काढून त्याच्या तोंडात घालायचा. दोन दिवसांत मेंढरू उठायचं. का उठतं ते बापाला माहीत नव्हतं. मलाही तोवर माहीत नव्हतं.

निलोफर म्हणाली, "शास्त्रज्ञांनी त्यांतले काही जिवाणू घेतले, थोडे बदलले आणि माणसाच्या मोठ्या आतड्यात राहायला शिकवले. पाल्याचं बारीक पीठ खाल्लं, की ते त्याचं आम्ल करतात आणि आपलं आतडं ते शोषून घेतं. तेच अन्न. पण ते रुजतात फक्त तान्ह्या पोटात. आतड्यात कुणी राहायचं हे तान्हेपणीच ठरतं. एकदा सगळ्या खोल्या भरल्या, की नव्या भाडेकरूला जागा नाही. म्हणून तुमच्या-माझ्या पोटात तो रुजायचा नाही, आणि म्हणूनच तुम्हा म्हाताऱ्यांना पुरतं धान्य मिळतं."

"तान्ह्यानं पाला खायचा आन् म्हाताऱ्यानं जोंधळा," मायाक्का चुलीपासून म्हणाली. "उलटीच दुनिया आली बया!"

थेंब द्यायचा तो उष्टावणाच्या दिवशी. ही सरकारची हुशारी. लेकराच्या तोंडात पहिला घास मामा घालतो, त्याच घासाआधी थेंब, म्हणजे कुणी विसरायला नको. बानूचा मामा रणजित पुण्याहून आला. निलोफरनं थंड डब्यातून काचेची नळी काढली, त्यानं पाच थेंब बानूच्या जिभेवर सोडले आणि मग अंगठीनं खीर चाटवली. बानूनं तोंड वाकडं केलं, सगळे हसले. ईश्वरी तेवढी हसली नाही. ती निलोफरच्या हाताकडे बघत होती.

जाताना निलोफरनं एक पत्रक दिलं. मी पन्नाशीत अक्षरं शिकलो, त्यामुळे घरात आलेला कुठलाही कागद मीच मोठ्यानं वाचायचा, हा माझा हट्ट. मी वाचलं: "एकवीस दिवस बाळास कोणतेही औषध देऊ नये. जिवाणू या काळात नाजूक असतात." मायाक्कानं मान डोलावली. मी पत्रकाची घडी घालून देव्हाऱ्यात ठेवली.

*

दोन महिन्यांत बानू वाळायला लागली. ईश्वरीचं दूध कमी पडत होतं आणि बानूच्या वरच्या खाण्यात निम्मी जोंधळ्याची पेज, निम्मं पालापीठ. पोरगी ते सगळं खायची, पोट नगाऱ्यासारखं व्हायचं आणि हातपाय मात्र काड्या.

एका सकाळी मी तिचं लंगोट धुवायला घेतलं. नातवंडाचं लंगोट धुताना लाजेल, तो मेंढपाळ कसला? लेंडीवरून जनावर ओळखायचं, ही आमची पहिली शाळा. मी बघितलं, तर हिरवं पीठ जसं गेलं तसंच बाहेर आलेलं. वासही ताज्या पाल्याचा.

मी मायाक्काला गोठ्यामागं बोलावलं. "थेंब रुजला न्हाई. तू काय दिलं हुतंस का तिला?"

"काय देणार? तुमीच वाचलं की कागदावर, औषद द्याचं न्हाई म्हणून."

"मग?"

"औषद न्हाई दिलं," ती म्हणाली. "घुटी दिली फकस्त."

घुटी. वेखंडाचे दोन वेढे, हळकुंडाचे दोन, मुरडशेंग एक, चिमूटभर डिकेमाली. माझ्या दोन्ही लेकरांना तिनं सहाणेवर उगाळून दिली होती, तिच्या आईनं तिला दिली होती. उष्टावणानंतर चौथ्या दिवशी बानूचं पोट दुखू लागलं, ती रडून काळीनिळी झाली, म्हणून मायाक्कानं सहाण काढली. सलग नऊ दिवस दिली. तिच्या लेखी औषध म्हणजे दवाखान्यातनं येतं ते. घुटी म्हणजे लेकराचं खाणं. आमच्या भागात कुणालाही विचारलं असतं, तरी त्यानं हेच सांगितलं असतं. मीही.

वेखंडानं, डिकेमालीनं पोटातले किडे मरतात. म्हणून तर ती देतात. थेंबातले जिवाणूही त्यातच गेले.

ती खाली बसली. "आता वो?"

"निलोफरला सांगू."

"सांगितल्यावर काय व्हईल?"

काय होईल ते तिलाही ठाऊक होतं. थेंब न रुजलेलं तिसरं लेकरू. कार्ड बंद.

ती उठली, घरात गेली आणि मूठ झाकून परत आली. माझा हात धरून तिनं त्यावर भंडारा ठेवला. "बिरोबाची आन घ्या. कुणास्नी सांगायचं न्हाई. ईशीलाबी न्हाई. तिला कळलं तर ती सोताच्या पोटाला चिमटा काढंल, आन् मग हाय ते दूदबी जाईल. बानूचं खाणं माज्याकडं लागलं. हितनं फुडं तिला मी भरवणार."

"आन् काय भरवणार?"

"शेळीचं दूद हाय की."

घरात एक शेळी होती. मी भंडारा कपाळाला लावला.

*

बानू सावरली. वर्षाची झाली तेव्हा भिंत धरून चालायला लागली, दोन वर्षांची झाली तेव्हा शेळीला शिव्या देऊ लागली. मायाक्का तिला कडेवर घेऊन ओट्याच्या कोपऱ्यात बसायची, आमच्याकडे पाठ करून भरवायची. ईश्वरीनं हात पुढं केला तर म्हणायची, "तुज्या हातनं खात न्हाई ती. तू थोरल्यांचं बघ."

"आई, तू लाडोबा करून ठिवलीस हिला."

"मग? खंडोबाची बायकू हाय ती."

मी मनाशी म्हणालो, शेळीच्या दुधानं तारलं. तसं म्हणणं सोपं होतं. शेळी वर्षातून किती महिने दूध देते, हे मला काय कुणी सांगायला हवं होतं? पण मी तो विचार कधी शेवटपर्यंत नेला नाही.

गावात त्या वर्षांत तिसरी लेकरं बरीच झाली. थेंब आला, पाला खाऊन लेकरं जगतात असं दिसलं, तशी लोकांना हिंमत आली. मग पालापीठ अपुरं पडू लागलं, गिरणीच्या दारात रांगा लागल्या. अन्न वाढलं की तोंडं वाढतात आणि तोंडं वाढली की अन्न पुन्हा कमी पडतं. यात कुणाला शिवी द्यावी हे मला अजून कळलेलं नाही. ज्याच्या घरी पाळणा हलतो, त्याला कुणी मूर्ख म्हणू नये.

*

तिसऱ्या वर्षी कार्ड कायम करायची तपासणी असते. २०५९ च्या जून महिन्यात निलोफर फुंकयंत्र घेऊन आमच्या ओट्यावर बसली. लेकराला सकाळी पाल्याची भाकर चारायची, दोन तासांनी नळीत फुंकर मारायला लावायची. पोटात जिवाणू काम करत असले, की ते एक वायू सोडतात. तो रक्तातून फुप्फुसात येतो आणि श्वासात सापडतो. यंत्रावर आकडा दिसतो.

बानूनं गाल फुगवून फुंकर मारली. आकडा आला शून्य. परत मारली, परत शून्य.

निलोफरनं तिला काट्यावर उभं केलं. वजन तेरा किलो, अगदी हवं तेवढं. तिनं बानूचे दंड मापले, डोळ्याची पापणी उलटून पाहिली. मग हळूच म्हणाली, "ईश्वरीताई, हिच्या पोटात थेंब नाही. कधीच नव्हता. पण निम्म्या धान्यावर असं लेकरू होत नाही. मग हिच्या वाटणीचा पाला खातंय कोण?"

ईश्वरी माझ्याकडे बघू लागली. मी जमिनीकडे.

बानूच बोलली. "आज्जी खाती. मला पांडरी भाकर, तिला हिरवी. गंमत हाय. कुणाला सांगाची न्हाई."

मायाक्का खांबाला टेकून बसली होती. मी तिच्याजवळ गेलो. मेंढरू अंगानं किती भरलंय ते डोळ्यांनी कळत नाही, वर लोकर असते. कमरेवर, पाठीच्या कण्यावर हात ठेवून दाबून बघायचं असतं. पन्नास वर्षं मी रोज संध्याकाळी वाड्यात एकेका मेंढराच्या पाठीवर हात ठेवला होता. तीन वर्षांत बायकोच्या पाठीवर ठेवला नव्हता. त्या दिवशी लुगड्यावरून ठेवला. हाताला नुसते मणके लागले.

"अवं, सोडा की," ती म्हणाली. "माणसं बघत्यात."

तीन वर्षं ती बानूचा पाला खात होती. तिच्या म्हाताऱ्या पोटात तो पचवायला कुणी नव्हतं. पोट गच्च भरायचं, भूक मरायची आणि अंगाला काहीच लागायचं नाही. बानूच्या तोंडात जात होता तो हिच्या जोंधळ्याचा घास. बानू वाढली तशी तिची भूकही वाढली, आणि मायाक्काच्या ताटातली पांढरी भाकर तेवढी कमी झाली.

ईश्वरीनं आईच्या मांडीवर डोकं आपटलं. "मला का न्हाई सांगितलंस? मी काय वैरी हुते?"

"तुजी थोरली दोन ल्येकरंबी अजून तुज्यावरच हायती. मला काय, आज न्हाई तर उद्या."

निलोफरनं यंत्र मिटलं. "आबा, जरा बाहेर या."

लिंबाखाली तिनं मला कारण विचारलं. हातावर घेतलेला बिरोबाचा भंडारा आडवा आला. तेव्हा ती म्हणाली, "ऐका. यंत्र बिघडलं असं मी लिहू शकते. एक वर्ष मिळेल. पण आपल्या तालुक्यात अशी तेवीस लेकरं आहेत, ज्यांना थेंब दिला आणि रुजला नाही. वरचे लोक म्हणतात, आईबाप पाला जनावराला घालतात. कुणालाच कारण माहीत नाही. चार लेकरं गेली, आबा. तुम्हाला कारण माहीत आहे, हे मला तुमच्या तोंडावर दिसतंय."

"सांगितलं तर बानूचं कार्ड?"

"निकाल लागेपर्यंत बंद. खोटं सांगत नाही."

मी परत ओट्यावर आलो. मायाक्कानं माझ्याकडे पाहिलं आणि तिला कळलं. चाळीस वर्षं एका माळावर काढली, की बोलावं लागत नाही.

"बिरोबाची आन हाय," ती म्हणाली.

"हाय."

"पोरीच्या तोंडचा घास काडताय तुमी."

"बाकीची तेवीस ल्येकरं हायती, मायाक्का. त्यांच्या घरातबी सहाण असंल."

"मला त्यातलं काय सांगू नगा."

मी आत जाऊन कागद घेतला. घुटीत काय काय, किती वेढे, कितव्या दिवशी, किती दिवस, सगळं लिहिलं. पत्रक मी वाचून दाखवलं आणि घुटीचा विचार माझ्याही मनात आला नाही, हेही लिहिलं. खाली सही केली: धुळाप्पा सुभाना बंडगर. निलोफरनं तो कागद दोनदा वाचला आणि पिशवीत घातला.

*

मायाक्काला आम्ही साताऱ्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, अंगातलं मांस झिजलं तसं हृदयाचंही झिजलं आहे. आता एकदम खायला घालून चालणार नाही, चमचा-चमचा द्या. ती माझ्याशी बोलायची बंद झाली. नर्सशी बोले, ईश्वरीशी बोले, शेजारच्या खाटेवरच्या बाईला आपल्या मेंढरांच्या गोष्टी सांगे. मी आलो, की तोंड भिंतीकडे.

बानूचं कार्ड बंद झालं. गावात बातमी फुटली. मला वाटलं, लोक हसतील. पहिल्याच रविवारी लक्ष्मण लवटे, माझ्या वयाचा, काठी टेकत आला आणि ओट्यावर मूठभर जोंधळे ठेवून म्हणाला, "पन्नाशीच्या म्होरं पुरतं धान्य मिळतंय. येक मूट कमी खाल्ली तर मरत न्हाई मी." मग दगडू आला. मग हौसाक्का आली, जी मायाक्काशी विहिरीच्या भांडणावरनं वीस वर्षं बोलत नव्हती. ती म्हणाली, "तिला सांगा, मी आले हुते म्हणून. न्हाईतर म्हणंल, हौशी तेवडी आली न्हाई." गावातली सगळी म्हातारी माणसं दर रविवारी एकेक मूठ आणू लागली. बानू टोपलं घेऊन दारात बसायची आणि सगळ्यांना विचारायची, "तुमाला हिरवी आवडती का पांडरी?"

मी दवाखान्यात जाऊन मायाक्काला हे सांगितलं. कोण कोण आलं, कुणाची मूठ केवढी. हौसाक्काचा निरोपही सांगितला. ती भिंतीकडेच बघत होती. मी वाटीतली पेज चमच्यात घेतली आणि नेहमीसारखी तिच्या ओठांपाशी नेली. रोज ती चार चमचे घेऊन ओठ मिटायची. त्या दिवशी तिनं सगळी वाटी संपवली. तोंड उघडायची, गिळायची, परत उघडायची. माझ्याकडे पाहिलं मात्र नाही. वाटी रिकामी झाल्यावर तिनं पदरानं तोंड पुसलं आणि माझ्या बोटांवर पेज सांडली होती तीही पुसली.

त्यानंतरही ती माझ्याशी बोलली नाही. पण रोज वाटी संपवत होती.

प्रयोगशाळेनं घुटी तपासली. वेखंड, हळद आणि डिकेमाली एकत्र असली, की थेंबातले जिवाणू तीन दिवसांत मरतात, असं निघालं. तेवीसपैकी एकोणीस घरांत उष्टावणानंतर घुटी दिलेली होती. हुकूम आला, की ज्या लेकरांना थेंब रुजला नाही, त्यांना पुरतं धान्य द्यावं. चूक पत्रकाची, आईबापांची नाही. नव्या पत्रकावर छापलं: "एकवीस दिवस बाळास औषध, घुटी, काढा, चाटण यांपैकी काहीही देऊ नये." घुटी हा शब्द ठळक अक्षरांत आहे. मी ते पत्रक जुन्याच्या शेजारी देव्हाऱ्यात ठेवलं आहे.

हुकूम आला १३ सप्टेंबर २०५९ ला. बानू आता पाच वर्षांची आहे, पुरतं धान्य खाते आणि शाळेत जाते.

माझी बायको मायाक्का धुळाप्पा बंडगर, वय सदुसष्ट, साताऱ्याच्या दवाखान्यात २ सप्टेंबर २०५९ रोजी सकाळी सातच्या सुमारास वारली. हुकूम यायच्या आधी अकरा दिवस.